लसणाचा वास

हल्ली बटण दाबलं की उजेड पडतो, म्हणून ही हकिकत सांगायची तर जरा मागून सुरुवात करावी लागते. नाहीतर आमच्या नातसुना म्हणतात, आजी, एवढं काय त्या दिव्याचं.

मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीचं सांगते. मी सोळा वर्षांची होते. माहेर निरगुडसर, दिली जुन्नरात. सासरे हिरड्याचे व्यापारी. डोंगरातून हिरडा यायचा, आमच्या वखारीत वाळायचा, पोती भरून पुण्याला जायचा. आणि पुण्याहून रॉकेलचे डबे यायचे, बैलगाडीतून. त्या वर्षी पावसाळ्यात पेठच्या घाटात रस्ता खचला आणि गाड्या अडकून पडल्या. सगळ्या जुन्नरात रॉकेल मिळेना. आठ दिवस आम्ही उजेड असताना जेवून घेत होतो आणि नंतर करंजाच्या तेलाच्या पणतीवर दिवस काढत होतो. रात्र काढत होतो म्हणायला पाहिजे. वखारीत अंधारात पोती हलवताना एका हमालाला विंचू चावला. ते मामंजींच्या मनाला लागलं. सासऱ्यांना आम्ही मामंजी म्हणायचो. म्हणाले, "रॉकेल हाय तोवर रॉकेल जाळू, पन अडीनडीला घरात आपला सोताचा उजेड पायजे."

आणि पाऊस सरल्यावर मुंबईहून गॅसचं यंत्र आणलं.

आता ते कसं होतं सांगते. पत्र्याची दोन पिंपं, एकात एक. खालच्यात पाणी, वरचं त्यात पालथं घातलेलं. बाजूच्या डब्यात कारबाईडचे खडे, राखाडी, दिसायला रस्त्यावरच्या खडीसारखे. त्यावर थेंब थेंब पाणी सोडलं की खडे फसफसायचे आणि गॅस निघायचा. तो वरच्या पिंपात साठला की ते पिंप हळूहळू वर उचललं जायचं, जसं काही कुणी खालून डोक्यानं ढकलतंय. तिथून शिशाची नळी घरात, आणि नळीच्या टोकाला दिवा. काडी लावली की असा पांढरा उजेड पडायचा की तांदळातला खडा दिसावा.

यंत्र बसवायला गावातले कलईवाले चाचा आले. तरुणपणी ते मुंबईत साहेब लोकांच्या बंगल्यांत हेच काम करत होते. मामंजींना यंत्र मागच्या पडवीत हवं होतं, स्वयंपाकघराला लागून, म्हणजे लक्ष राहील. चाचांनी हत्यारं पिशवीत भरायला घेतली. "शेट, घरात ठेवायचं असंल तर दुसरा मानूस बघा. मी न्हाई बसवनार." मग परसात चार खांब रोवून वर पत्रा टाकला, भिंत एकाही बाजूला नाही, आणि त्याखाली यंत्र बसलं.

दुसरा वाद नळीवरून झाला. नळी भिंतीवरून वर, तुळईच्या खालून, घरभर फिरली होती. मामंजी म्हणाले, भिंतीवरून साप चालल्यासारखा दिसतो, गिलाव्यात बुजवा. चाचा म्हणाले, "नळी डोळ्याला दिसली पायजे, शेट. पोटातलं दुखनं कळत न्हाई, तसं व्हतं मग." मामंजी म्हणाले, "भिंत माझी हाय." चाचा गेल्यावर त्यांनी गवंडी बोलावला आणि नळी मातीच्या गिलाव्याखाली गेली. वरून चुन्याचा हात. कुठून कुठं जाते ते आठ दिवसांत सगळे विसरले.

यंत्र भरायचं ते दिवसाच, रात्री दिवा घेऊन त्याच्याजवळ जायचं नाही, असं चाचांनी बजावलं होतं. पण दिवसा मामंजी आणि हे वखारीत. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, त्या म्हणाल्या, मी त्या फसफसत्या भुताला हात लावायची न्हाई. राहिले मी. मी दाराआड उभी, पदर कपाळापर्यंत. चाचा परपुरुष, मी नवी सून. तेव्हा ते दाराकडं पाठ करून परसाला शिकवायचे आणि मी दाराआडून शिकायची. गॅस सोडायची-बंद करायची चावी कशी फिरवायची, कुठं हातोडी मारायची नाही, वापरलेल्या खड्यांचा चुना उघड्यावर खड्ड्यात टाकायचा. गळती शोधायची ती कधीही काडीनं नाही, रिठ्याचा फेस करून नळीवर लावायचा, बुडबुडा आला की तिथं भोक. आणि एक गोष्ट त्यांनी तीनदा म्हणून घेतली माझ्याकडून. "लसनासारखा वास आला की गॅस निसटला समजायचं. मग पयला इस्तव बाहेर. नंतर मानसं. नंतर चावी. आदी काय, बेटी?"

"विस्तव," मी दाराआडून म्हणाले.

मार्गशीर्षात आमच्या नणंदबाई, वन्सं, बाळंतपणाला आल्या. त्यांचं सासर लोणीचं. तिसरं बाळंतपण होतं. आधीची दोन्ही मुलं महिन्याच्या आत गेली होती. ह्या खेपेला मुलगी झाली, बारीक, पण रडायला खणखणीत. आत्याबाई सगळं घर सोडून त्या खोलीच्या दाराशी बसू लागल्या. खोलीच्या कोपऱ्यात, जमिनीवर, सुपाच्या आडोशाला गोड्या तेलाचा दिवा ठेवला होता. बारशापर्यंत तो विझू द्यायचा नाही. मागच्या खेपेला लोणीला दिवा विझला होता, असं आत्याबाई सांगायच्या, आणि पुढचं सांगायच्या नाहीत. ह्या दिव्यात तेल त्या स्वतः घालायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

सुईणमावशी सकाळ-दुपार-संध्याकाळ धुरी द्यायची. शेगडीत निखारे, त्यावर ओवा, बाळंतशोपा, वावडिंग आणि लसणाची सालं. वन्संच्या जेवणातही लसूण, दूध यावं म्हणून. सबंध खोलीला, चिरगुटांना, बाळाच्या टाळूलासुद्धा लसणाचा वास. आमच्या नाकांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. चाचांनी एवढं बजावून सांगितलं, पण ज्या घरात बाळंतीण आहे तिथं लसणाचा वास येतोच, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. चाचांच्याही नाही.

अकरावा दिवस. उद्या बारसं. बारशाची गडबड म्हणून सकाळी ह्यांनीच यंत्र काठोकाठ भरलं, ओसरीवरचा दिवा लावून बघितला, छान लागला. दिव्याजवळची चावी बंद केली, पण परसातली मोठी चावी तशीच उघडी ठेवली, कारण संध्याकाळी मी तो परत लावून बघणार होते. दुपारी वन्सं न्हाणीत गेल्या तेव्हा ह्यांनी त्यांच्या खोलीत भिंतीत एक लांब खिळा ठोकला. पाळण्यावर कापडी चिमण्यांची माळ टांगायची होती, मी चार रात्री बसून शिवलेली. मग मामंजी आणि हे घोडेगावला गेले, हिरडा तोलायला. उद्या दुपारपर्यंत येतो म्हणाले.

थंडीचे दिवस. खोलीची खिडकी बंद, फटीत चिंध्या कोंबलेल्या. उन्हं उतरल्यावर मी वन्संना आळिवाची खीर घेऊन गेले. आत पाऊल टाकलं आणि म्हटलं, "आज धुरी लवकर आटपली वाटतं."

वन्सं डोळे मिटून पडल्या होत्या. "कुटं? आजून यायचीय मावशी. वैनी, डोकं लई चढलंय गं माझं."

परसातून सुईणमावशीचा आवाज आला, "इस्तवच फुलंना. फुकून फुकून जीव चाल्लाय."

मग हा दुपारचा वास असेल, असं मला वाटलं. दुपारचा वास एव्हाना मरायला हवा होता. मी खीर खाली ठेवली. उभी राहिले तसा वास वाढला. खाली वाकले, कमी झाला. परत उभी राहिले. टाचा वर केल्या, भिंतीकडं तोंड नेलं. खिळ्याच्या बाजूला गिलाव्याला केसाएवढी भेग गेली होती आणि आतून बारीक सूर येत होता, ओलं लाकूड चुलीत घातल्यावर येतो तसा.

सकाळपासून मोठी चावी उघडी. दुपारपासून खिळा.

आणि कोपऱ्यात दिवा जळत होता.

पहिला विस्तव. दिवा उचलून बाहेर नेऊ का, असा विचार केला. पण न्यायचा तर आधी उचलायला लागणार, आणि वास वरच दाट होता. तो जमिनीवर होता म्हणून आत्तापर्यंत निभावलं होतं. आणखी किती वेळ निभावणार ते मला माहीत नव्हतं. तांब्यातल्या पाण्यात मी दोन बोटं बुडवली, सूप बाजूला केलं, आणि वात चिमटीत धरून मालवली.

चर्र झालं. खोली काळोखी झाली.

"वैनी," वन्सं उठून बसल्या, "काय केलंस तू हे?"

माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत दारात आत्याबाई. दारातून उजेड दिसला नाही म्हणून आल्या असणार. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दिवा कुनी घालवला?"

"मी."

"हातानं?"

"हातानं. आत्याबाई, गॅस निसटलाय. वास येतोय बघा."

त्यांनी वास घेतला. "लसनाचा हाय त्यो. बाळंतिनीच्या खोलीत काय कस्तुरीचा यील? दोन गेली तिची. तिसरीच्या उशाचा दिवा तू इझवलास." मग मागं वळून, त्याच आवाजात, "मावशी, शेगडी आन. तिच्यावरच लावते परत."

मी दारात आले. दोन्ही हात चौकटीला लावले. पदर खांद्यावरून घसरला होता, तो सावरायला हात सोडावा लागला असता, म्हणून तसाच राहू दिला. सासूसमोर अशी मी त्याआधी कधी उभी राहिले नव्हते. समोरून सुईणमावशी लाल झालेली शेगडी घेऊन येत होती, निखाऱ्यांवर अजून बारीक ठिणग्या उडत होत्या.

"मावशी, तिथंच थांबा."

मावशी थांबली. पंधरा पावलांवर असेल.

"हो बाजूला," आत्याबाई म्हणाल्या.

"नाही."

"येड लागलं का हिला? माह्या लेकीच्या खोलीत मला अडवतीस?"

आता माझी खरी पंचाईत झाली. चावी परसात, त्या छपराखाली. ती बंद होईपर्यंत गॅस येतच राहणार. पण मी दारातून हलले की शेगडी आत जाणार. एका जागी उभं राहून दोन कामं कशी करायची? मागं वन्सं पोरीला छातीशी धरून बसलेल्या, आणि त्या भेगेतला सूर मला आता दारातूनही ऐकू येत होता, किंवा तसा भास होत होता. खिडकी उघडा म्हटलं. आत्याबाई म्हणाल्या, तिन्हीसांजेचं वारं लागंल, खबरदार.

मग मी त्यांच्याशी बोलायचं सोडलं आणि मावशीशी बोलले. "मावशी, दुपारच्या धुरीत लसणाची सालं टाकली होती का?"

मावशीला राग आला. "म्हंजे? मी काय इसरते व्हय? सालं सकाळीच सपली. आता सोलून ठेवलीत, ही काय, पदरात हायेत. दुपारी निस्ता ववा व्हता."

"मग ह्या खोलीत लसणाचा वास कुठून येतोय?"

मावशीनं मागच्या मागं जाऊन शेगडी परसात खाली ठेवली आणि मोकळ्या हातानं दाराशी आली. पदरातली सालं नाकाशी नेली. मग माझ्या हाताखालून डोकं आत घालून हवा हुंगली. परत सालं. परत खोली. चाळीस वर्षं धुरी दिलेलं नाक होतं ते.

"आक्का," ती आत्याबाईंना म्हणाली, "ह्यो माजा लसूण न्हाई. माज्या धुरीला जळका वास असतो. ह्यो वला हाय."

"तूपन तिचीच झालीस?"

"मी कुनाची न्हाई. ह्यो माजा लसूण न्हाई, येवढंच म्हनते." आणि ती परसात गेली, राखेचं घमेलं उचललं आणि शेगडीवर पालथं केलं.

तेवढ्यात वन्संचा आवाज आला. "आये, डोकं फुटतंय माजं. पोर आंगावर पिईना, बग तरी."

आत्याबाईंचा चेहरा तेव्हा बदलला. मला बाजूला सारून त्या आत गेल्या, आता मीही जाऊ दिलं, त्यांच्या हातात काही नव्हतं. लेकीचे कान बांधले, पोरीला स्वतःच्या पदरात गुंडाळलं, आणि दोघींना घेऊन उंबऱ्याशी आल्या. तिथं क्षणभर घोटाळल्या. तिन्हीसांजेला बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नसतो. मग ओलांडला, आणि माजघराकडं वळल्या.

"माजघरात नको," मी म्हणाले, "पलीकडं चूल पेटलीय. पुढं, ओसरीवर."

त्या ओसरीकडं गेल्या.

मी परसात पळाले. चावी घट्ट बसली होती. हातोडी शेजारीच होती, पण लोखंडावर लोखंड मारायचं नाही हे दाराआडून शिकले होते. पदर गुंडाळून दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा फिरली. मग यंत्राकडं बघितलं. सकाळी वरचं पिंप माझ्या छातीपर्यंत वर आलेलं होतं. आता पाण्याच्या वर वीतभर उरलं होतं. बाकी सगळा गॅस कुठं गेला होता ते मला कुणी सांगायला नको होतं. मी खोलीत जाऊन खिडकीतल्या चिंध्या ओढून काढल्या, दारं सताड उघडली, आणि मावशीनं चुलीतली लाकडं ओढून पाण्यात घातली.

त्या संध्याकाळी सगळ्या आळीत दिवे लागले आणि आमचं घर काळोखात. शेजारणी विचारून गेल्या, बारशाचं घर आणि दिवा नाही? गारठ्यात आम्ही चौघी ओसरीवर घोंगड्या पांघरून बसलो होतो, आणि सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडं. पोर तोंड लावत नव्हती. रडत नव्हती. मावशीनं तळपाय चोळले, गालाला बोट लावलं. पोरीनं तोंड वेडंवाकडं केलं आणि परत मान टाकली. आत्याबाई माझ्याकडं बघत नव्हत्या, आणि मला कळत होतं की पोरीला काही झालं तर ते नळीनं झालं असं ह्या घरात कुणी म्हणणार नाही. दिव्यानं झालं म्हणतील. मीही म्हटलं असतं कदाचित.

किती वेळ गेला सांगता येत नाही. देवळातली आरती होऊन गेली. मग पोरीला एक शिंक आली, पाठोपाठ दुसरी, आणि तिनं आपला तो खणखणीत आवाज काढला. वन्संनी घाईनं पदराखाली घेतलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "वढतीय." आणखी थोड्या वेळानं, "डोकंबी उतरलं माजं."

आत्याबाई उठल्या आणि आपलं घोंगडं माझ्या अंगावर टाकून आत गेल्या. ते मला दिलं की त्यांना नको होतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

सकाळी चाचांना बोलावणं गेलं. त्यांनी रिठे कुटून फेस केला आणि खिळ्याभोवती लावला. मोठी चावी जराशी उघडायला मला सांगितलं. खिळ्याशी फेस असा उकळ्या फुटल्यासारखा फुगायला लागला, की आत्याबाई दोन पावलं मागं सरकल्या. खिळा नळीच्या बरोबर मधोमध गेला होता. चाचांनी चावी बंद करायला सांगून विचारलं, "दिवा कुनी मालवला?"

"हिनं," आत्याबाई म्हणाल्या. एवढंच. पण काल ज्या आवाजात विचारलं होतं तो हा आवाज नव्हता.

दुपारी मामंजी आणि हे आले. सगळं ऐकून हे खोलीत गेले आणि त्या भिंतीसमोर उभे राहिले, हात मागं बांधून. मामंजींनी त्याच दिवशी गवंड्याला बोलावून गिलावा फोडायला लावला. चाचांनी तेवढा तुकडा कापून नवी नळी जोडली आणि परत फेस लावून बघितला.

बारशाच्या संध्याकाळी आयाबाया जमल्या आणि सुईणमावशी शेगडी घेऊन आली. आत्याबाईंनी तिला पदर उघडायला लावला.

"ही सालं काढ. आजपास्नं ह्या घरात धुरीत लसूण पडायचा न्हाई."

"लसनाबिगर धुरी? मंग तिला काय हुंगवू, वखारीतला हिरडा?"

"काय बी हुंगव. पन लसूण न्हाई. ह्या घरात लसनाचा वास आला की त्यो येकाच गोष्टीचा असला पायजे."

"पोरीला दिष्ट लागली तर मला बोलायचं न्हाई, सांगून ठिवते."

"न्हाई बोलनार."

बायका हसल्या. मावशी पुटपुटत राहिली, पण सालं उकिरड्यावर नेऊन टाकली. शेगडी दाराबाहेर ठेवून ती आत्याबाईंकडं बघायला लागली, न्यायची की नाही म्हणून. आत्याबाई माझ्याकडं बघायला लागल्या.

मी खोलीत गेले. दिवा न घेता, एकटी. टाचा वर करून भिंतीशी नाक नेलं, मग खाली वाकले, मग चारी कोपरे फिरले. ओल्या मातीचा, नव्या चुन्याचा आणि बाळाच्या तेलाचा वास होता. आणखी एकदा घेतला. मग दाराशी आले आणि म्हटलं, "आणा आता विस्तव."